पांढऱ्या खुराड्यातील रंगीत पिल्लू

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळलेली आहे की, तिची परीक्षा घ्यावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. घोड्याच्या पोटी घोडा आणि आंब्याच्या कोयीतून आंबा हा नित्याचा अनुभव म्हणीच्या पाठीशी उभा असतो. ज्यांच्या अंगणात कोंबड्यांचे खुराडे असते, त्यांना मात्र या म्हणीचा भरवसा अधूनमधून सोडावा लागतो. कोंबडा पांढरा शुभ्र, कोंबडीही तशीच. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवली, एकविसाव्या दिवसाच्या सुमारास टरफले फुटली, आणि पुढे खरी पिसे फुटू लागताच दिसून आले की, काही पिल्ले पांढरी नाहीतच. कोणी काळसर, कोणी तपकिरी. मग घरात तर्क सुरू होतात. कोणी शेजारच्या कोंबड्याकडे बोट दाखवतो. कोणी जोडी विकणाऱ्याला दूषण देतो की, त्याने शुद्ध म्हणून भेसळीचा माल गळ्यात मारला. घरातील एखादे वृद्ध माणूस शांतपणे सांगते, “कुठल्या तरी पूर्वजावर गेले असेल.”

परका नर, रक्तातील भेसळ आणि पूर्वजांकडे परत जाणे, ही तीन उत्तरे केवळ खेड्यातील नव्हेत. एकोणिसाव्या शतकातील युरोपातील जाणत्या लोकांचीही हीच उत्तरे होती. या उत्तरांत खरे किती व कल्पित किती, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया मेंडेलने वाटाण्याच्या वाफ्यात घातला, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु वाटाण्याचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे ज्यांच्या साहाय्याने प्रथम सिद्ध झाले त्यांत कोंबड्या होत्या, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. अपेक्षेबाहेरच्या रंगाचे पिल्लू हे लबाडीचे किंवा अपघाताचे चिन्ह नसून नियमाचेच फळ असू शकते, हे मनुष्याला कसे कळले आणि त्या कळण्याने काय साधले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शेजारच्या कोंबड्यावरील आरोपाचा निकाल लावलेला बरा. कारण तो आरोप सर्वस्वी निराधार नाही. कोंबडीच्या शरीरात अंडनलिकेच्या आतील बाजूस अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि एका समागमानंतर नराचे बीज त्यांत दोन आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ जिवंत राहते. त्यामुळे आज निराळ्या कोंबड्याजवळ ठेवलेली कोंबडी पुढील काही दिवस पहिल्या कोंबड्याची पिल्ले देणारी अंडी घालू शकते. याच अनुभवाचा विपर्यास होऊन मादीवर पहिल्या नराची छाप कायमची राहते, असा समज पाश्चात्त्य पशुपालकांत दृढ झाला होता. छाप कायमची राहत नाही. बीज मात्र काही दिवस टिकते. म्हणून संकराचा प्रयोग करणाऱ्याने कोंबडी काही आठवडे एकटी ठेवूनच तिची अंडी हिशेबात धरावयाची असतात. एवढी दक्षता घेऊनही पांढऱ्या जोडीला रंगीत पिल्ले होतात तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो.

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विशेष तीव्र झाला, त्याला सामाजिक कारण होते. तेथे १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले आणि पुढे उमदी कोंबडी बाळगणे हा सरदारांपासून कारागिरांपर्यंत सर्वांचा छंद होऊन बसला. प्रदर्शनात बक्षिसे आली, त्यांच्यामागे जातींची लक्षणे ठरवणे आले. १८६५ साली अशा लक्षणांचे पहिले प्रमाणपुस्तक तेथे निघाले. अमुक जातीचा तुरा असा, पाय या रंगाचे, पिसारा या छटेचा, हे ठरले म्हणजे त्याबाहेरचे पिल्लू आपोआपच दोषी ठरले. त्या पिल्लाबरोबर त्याच्या मालकाची पतही पणाला लागली. कारण शुद्ध वंशाच्या म्हणून विकलेल्या जोडीने भलत्याच रंगाची संतती दिली, तर विकत घेणाऱ्याने काय समजावे? निसर्गाच्या एका न कळलेल्या नियमाचे खापर माणसाच्या सचोटीवर फोडले जाण्याची सोय अशा रीतीने झाली.

याच काळात डार्विनने या विषयात लक्ष घातले. पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यातील बदलांविषयीचा त्याचा द्विखंडात्मक ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कबुतरांखालोखाल कोंबड्यांना मोठे स्थान आहे. डाउन येथील आपल्या घरी त्याने निरनिराळ्या जातींचे संकर करून पाहिले. काळ्या स्पॅनिश जातीचा कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांच्या संततीपैकी एका नराला वाढत्या वयाबरोबर असा पिसारा आला की, तो आईबापांपैकी कोणासारखाही न दिसता हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या जंगलांतील तांबड्या रानकोंबड्याच्या वळणावर गेला. काळ्या आणि पांढऱ्या रंगांच्या संगमातून तांबडा रंग यावा, हे नवल डार्विनने नीट टिपून ठेवले व त्यास ‘पूर्वजांकडे परत जाणे’ असे म्हटले. सर्व पाळीव कोंबड्यांचा मूळ पुरुष तांबडा रानकोंबडा होय, या त्याच्या सिद्धान्ताला हा एक पुरावा होता. घरातील वृद्धाचे म्हणणे अशा रीतीने शास्त्राच्या पदवीस पोचले. परंतु ‘परत जाणे’ हे घटनेचे नाव झाले. तिचे कारण नव्हे. पूर्वजाचा रंग इतक्या पिढ्या कोठे दडून बसला होता आणि नेमक्या या संकरात तो का प्रकट झाला, याचे उत्तर डार्विनपाशी नव्हते. आईबापांचे गुण संततीत दोन रंगांप्रमाणे मिसळून जातात, अशीच त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. मेंडेलचा निबंध १८६६ सालीच छापून झाला होता. पण तो विद्वानांच्या कपाटात पडून राहिला आणि १९०० साली तिघा युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी तो जवळजवळ एकाच वेळी उजेडात आणला.

इंग्लंडमध्ये हे नवे मत हिरिरीने पुढे मांडणारा पुरुष म्हणजे विल्यम बेटसन (१८६१–१९२६). केंब्रिज विद्यापीठाशी त्याचा दीर्घकाळ संबंध होता. परंतु त्याचा संशोधनाचा मार्ग तेथील प्रतिष्ठितांना रुचत नसे. उपजीविकेसाठी त्याने आपल्या कॉलेजच्या भोजनव्यवस्थेचा कारभार कित्येक वर्षे सांभाळला. प्रयोगासाठी मोठे अनुदान नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. केंब्रिजजवळच्या ग्रँटचेस्टर गावी त्याच्या घराच्या आवारातच वाफे होते आणि तेथेच खुराडी होती. त्याची पत्नी बीट्रिस या कामात त्याची भागीदार होती. त्याचे अनेक साहाय्यक म्हणजे न्यूनहॅम या स्त्रियांच्या कॉलेजातील विदुषी. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना पदवी देत नसे. जुन्या विद्यापीठाने दारात उभ्या केलेल्या या स्त्रियांनी एका नव्या शास्त्राची नोंदवही भरली, ही गोष्ट शिक्षकांनी विसरू नये. त्यांतील अग्रगण्य एडिथ सॉंडर्स (१८६५–१९४५) हिच्यासह बेटसनने रॉयल सोसायटीच्या उत्क्रांती समितीपुढे १९०२ साली जो अहवाल ठेवला, त्यात वनस्पतींबरोबर कोंबड्यांचे आकडे होते. तुऱ्याचा आकार, डॉर्किंग जातीच्या पायाला असणारे पाचवे बोट, पिसांचा पांढरेपणा हे गुण पिढ्यानुपिढ्या वाटाण्यांच्या गुणांप्रमाणेच वाटले जातात, हे त्यातून दिसून आले. प्राण्यांना मेंडेलचे नियम लागू पडल्याचा हा अगदी पहिल्या पुराव्यांपैकी एक होय. याच बेटसनने पुढे १९०५ साली या शास्त्राला आज रूढ असलेले इंग्रजी नाव सुचवले.

हे नियम कोंबडीपाळांच्या कसे उपयोगी पडले, याचे सुबोध उदाहरण अँडलूशियन जातीचे आहे. या जातीचा निळसर राखी पिसारा प्रदर्शनात वाखाणला जाई. परंतु निळ्या जोडीची संतती कधीच सर्व निळी निघत नसे. सुमारे निम्मी पिल्ले निळी. उरलेल्यांपैकी निम्मी काळी व निम्मी काळे शिंतोडे उडालेली पांढरी. पाळणारे काळ्या-पांढऱ्यांना निकामी समजून काढून टाकीत आणि निवडक निळ्यांचीच जोडी पुन्हा लावीत. इतकी निवड करूनही वंश ‘शुद्ध’ होईना. केंब्रिजच्या प्रयोगांनी सांगितले की, तो कधीच होणार नाही. कारण निळा रंग हा स्वतंत्र गुण नसून काळेपणाचा एक घटक आणि शिंतोड्यांच्या पांढरेपणाचा एक घटक एकत्र आल्याने उमटणारी छटा आहे. प्रत्येक निळा पक्षी दोन्ही घटक बाळगतो व आपल्या बीजांत त्यांची अर्धी-अर्धी वाटणी करतो. म्हणून संततीत एक काळे, दोन निळी, एक पांढरे हे प्रमाण अटळ होय. आता गंमत अशी की, ज्यांना निकामी म्हणून काढून टाकले जाई, त्याच काळ्या आणि शिंतोडी पांढऱ्या पक्ष्यांची जोडी लावली, तर सर्वच्या सर्व पिल्ले निळी निघतात. पाळणाऱ्यांना हवे असलेले धन त्यांनीच उकिरड्यावर टाकले होते.

पांढऱ्या जोडीच्या रंगीत पिल्लांचे कोडे याहून गहन होते. बेटसन आणि त्याचा तरुण सहकारी रेजिनाल्ड पनेट (१८७५–१९६७) यांनी सिल्की जातीचे पांढरे पक्षी आणि आपल्याजवळच्या दुसऱ्या एका पांढऱ्या वंशाचे पक्षी यांचा संकर केला. दोन्ही वंश आपापल्या घरात पांढरीच संतती देणारे. त्यांच्या संकराची पिल्ले मात्र सर्वच्या सर्व रंगीत निघाली. ही रंगीत भावंडे आपसांत जोडली असता पुढील पिढीत रंगीत आणि पांढरी यांचे प्रमाण ९ : ७ असे येते. गोड वाटाण्याच्या दोन पांढऱ्या फुलांच्या जातींतून जांभळी फुले आल्याचे बेटसनच्या मंडळींनी पाहिलेच होते. तोच प्रकार येथे पिसांत दिसला.

याचा अर्थ आपल्या विड्याच्या पानावरून चटकन ध्यानात येईल. विड्याने ओठ रंगावयाचे तर कात हवा आणि चुनाही हवा. एका घरी चुना आहे, कात नाही; दुसऱ्या घरी कात आहे, चुना नाही. दोन्ही घरच्या विड्याने ओठ कोरेच राहणार. पण दोघांनी आपापली जिन्नस एका तबकात ठेवली की, रंग आलाच. पिसांचा रंग तयार होण्यासही एकाहून अधिक घटक लागतात. एका पांढऱ्या वंशात पहिल्याची उणीव, दुसऱ्यात दुसऱ्याची. संकरात दोन्ही उणिवा भरून निघतात. पुढील पिढीत पहिला घटक मिळण्याचा संभव चारांत तीन, दुसरा मिळण्याचाही चारांत तीन. म्हणून दोन्ही मिळण्याचा संभव सोळांत नऊ. उरलेल्या सातांना एकाची किंवा दोहोंची उणीव राहते व ती पांढरी दिसतात. म्हणजे ती सात पिल्ले दिसण्यात सारखी असूनही घडणीने सारखी नाहीत.

शिवाय पांढरेपणाची आणखी एक तऱ्हा निघाली. पांढरी लेगहॉर्न जात रंगीत जातीशी जोडली असता पिल्ले पांढरी निघतात, फार तर अंगावर एखाद-दुसरा काळा ठिपका दिसतो. येथे कात आणि चुना दोन्ही हजर असतात. पण त्यांच्यावर एक झाकण पडलेले असते. या झाकणाच्या घटकाचा पगडा इतका असतो की, तो एका बाजूने आला तरी पुरतो. अशा लेगहॉर्नचा संकर उणिवेमुळे पांढऱ्या असलेल्या वंशाशी केला, तर पहिली पिढी सारी पांढरी. मग त्या भावंडांच्या संततीत सोळांत तीन रंगीत! एका घटकाने दुसऱ्याला असे झाकून टाकावे, या प्रकाराला बेटसनने १९०७ साली स्वतंत्र नावही दिले. नंतरच्या संशोधनाने या दोन्ही तऱ्हांचे रासायनिक मूळ हाती लागले आहे. लेगहॉर्नचे झाकण म्हणजे रंगकणांच्या घडणीस आवश्यक अशा एका प्रथिनाच्या जनुकातील बिघाड होय, हे २००४ साली दाखवण्यात आले. उणिवेच्या पांढरेपणाची एक तह्हा तर रंगद्रव्य बनवणाऱ्या जनुकाच्या मध्येच एका विषाणूचा तुकडा येऊन बसल्यामुळे उद्भवली, असे २००६ साली आढळले. ग्रँटचेस्टरच्या खुराड्यात केवळ पिल्ले मोजून केलेले अनुमान शंभर वर्षांनी रसायनशाळेत खरे ठरले.

अनपेक्षित रंगाचा तिसरा प्रकार नर-मादीच्या भेदाशी निगडित आहे. प्लिमथ रॉक जातीच्या पिसांवर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या असतात. पट्टेदार कोंबडा आणि काळी कोंबडी यांची पिल्ले सारी पट्टेदार होतात. पण उलट जोडी लावली, म्हणजे कोंबडा काळा व कोंबडी पट्टेदार घेतली, तर सर्व नर आईसारखे पट्टेदार आणि सर्व माद्या बापासारख्या काळ्या निघतात. अमेरिकेच्या शेतकी खात्यातील स्पिलमन याने १९०८ साली याची उपपत्ती सुचवली. आज ती आपण अशी सांगतो : माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरते, पण पक्ष्यांत ते आईच्या बीजावरून ठरते. कोंबड्याजवळ लिंगनिर्णयाची दोन सारखी गुणसूत्रे असतात, कोंबडीजवळ त्यांतील एकच असते व जोडीला एक निराळे. पट्ट्यांचा घटक त्या पहिल्या गुणसूत्रावर असतो आणि आई आपले ते एकुलते गुणसूत्र फक्त मुलांना देते. मुलींच्या वाट्यास ते बापाकडूनच येते.

या शोधाचा व्यवहारात मोठा उपयोग झाला. नुकत्याच निघालेल्या पिल्लांत नर कोणता व मादी कोणती, हे नवख्याला ओळखू येत नाही. पण वरील संकरात पट्टेदार होणाऱ्या नर पिल्लाच्या डोक्यावर पहिल्याच दिवशी पांढरट ठिपका असतो आणि मादीचे डोके काळे असते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये धान्याची टंचाई पडली तेव्हा अंडी न देणाऱ्या नरांना महिनोन् महिने दाणा घालणे परवडेना. त्या वेळी अन्नोत्पादन खात्यात काम करणाऱ्या पनेटने रंगावरून लिंग ओळखण्याच्या या युक्तीचा पुरस्कार केला. पुढे १९३० च्या सुमारास त्याने आणि मायकेल पीझ याने कॅम्बार नावाची जातच तयार केली. तिच्यात दर पिढीस नर-मादी जन्मतः रंगावरून ओळखू येत. ज्या विसंगतीने एके काळी पाळणाऱ्यांची पत जात होती, तिच्यावर आता त्यांचा हिशेब बसू लागला.

येथे बेटसनच्या स्वभावातील एक विरोध नोंदवला पाहिजे. अपवाद दिसला की तो लपवू नका, त्याला जपा, असा उपदेश त्याने १९०८ सालच्या आपल्या प्राध्यापकीय व्याख्यानात केला होता. असे असूनही गुणांचे घटक गुणसूत्रांवर वसतात, हे मॉर्गनच्या अमेरिकन मंडळींचे मत तो कित्येक वर्षे मान्य करीना. १९२१ च्या अखेरीस अमेरिकेस जाऊन ते काम प्रत्यक्ष पाहिल्यावर त्याने आपला विरोध बराचसा मागे घेतला. लिंगाशी निगडित गुणांची उदाहरणे त्याच्या स्वतःच्या खुराड्यात वावरत होती, हे ध्यानी घेतले म्हणजे शास्त्रज्ञालाही आपल्याच अंगणातील पिल्लू ओळखावयास किती वेळ लागतो, हे कळून येते.

आतापर्यंतच्या विवेचनातून एक सूत्र निघते : दिसणे आणि असणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. हे सूत्र कोंबड्यांपुरते राहिले असते, तर साहित्याच्या नियतकालिकात त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या दशकात केंब्रिजमध्ये पिल्ले मोजली जात होती, त्याच दशकात माणसांचा वंश ‘शुद्ध’ करण्याची भाषा युरोप-अमेरिकेत बोलली जाऊ लागली. प्रदर्शनातील कोंबड्यांप्रमाणे माणसांतूनही सदोष ठरलेले काढून टाकावे, म्हणजे जात सुधारेल, असा हा विचार. १९०७ साली अमेरिकेतील इंडियाना राज्याने सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा केला. १९३३ साली जर्मनीने तसाच कायदा केला आणि त्या विचाराची अखेर कोठे झाली, हे जगाला माहीत आहे.

या विचाराचा पोकळपणा दाखवणारे गणितही खुराड्याजवळच तयार झाले होते. पनेटने आपला क्रिकेटमधील सोबती, प्रसिद्ध गणिती हार्डी याच्यापुढे एक शंका ठेवली आणि हार्डीने १९०८ साली तिचे उत्तर छापले. त्या उत्तराने असा हिशेब करता येतो : एखाद्या मोठ्या कळपात उणिवेमुळे पांढरे निघणारे पक्षी शंभरांत एक असतील आणि जोड्या आपोआप जुळत असतील, तर तो पांढरेपणाचा घटक गुप्तपणे बाळगणारे रंगीत पक्षी त्याच शंभरांत अठरा असतात. दिसणारा एक काढून टाकला, तरी न दिसणारे अठरा मागे राहतात. १९१७ साली पनेटने याच रीतीने मतिमंदत्वाचा हिशेब मांडला. ते एका अप्रभावी घटकामुळे येते असे धरले आणि अशा प्रत्येक व्यक्तीस संततीपासून रोखले, तरी त्यांचे प्रमाण लाखात एकावर आणावयास आठ हजारांहून अधिक वर्षे लागतील, असे त्याचे उत्तर आले. पनेट स्वतः त्या चळवळीचा शत्रू नव्हता, आणि मतिमंदत्वाचे कारण असा एकच घटक असतो हे गृहीतही पुढे टिकले नाही. तरीदेखील आकड्यांनी जे सांगितले ते त्याने लपवले नाही. कायदे करणाऱ्यांनी ते ऐकले नाही, हा दोष आकड्यांचा नव्हे.

आता शेवटी आपल्या प्रदेशाकडे वळू. इंदूरहून पश्चिमेस झाबुआ आणि अलिराजपूरच्या भिल्ल-भिलाल्यांच्या वस्तीत कडकनाथ नावाची कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या पाळली जाते. तिची कातडी, मांस, हाडांवरील आवरण, सारेच काळे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. असाच आतून काळेपणा वर सांगितलेल्या सिल्की जातीत आहे, मग तिची पिसे पांढरी का असेनात. बेटसन व पनेट यांनी १९११ साली या काळेपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिल्की कोंबडी आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबडा यांची पिल्ले फिकी निघत. उलट जोडीत मुलगे फिके आणि मुली गडद काळ्या निघत. म्हणजे काळेपणाचा एक प्रभावी घटक आणि त्याला दाबणारा, लिंगाशी निगडित असा दुसरा घटक, असा हा दुहेरी खेळ होता. काळेपणाच्या घटकाचे मूळ २०११ साली सापडले : एका गुणसूत्राचा काही भाग दुप्पट होऊन उलटसुलट बसला आहे. तीच मोडणी कडकनाथातही आढळली आहे. झाबुआच्या पाड्यातील काळी कोंबडी आणि इंग्रज प्राध्यापकाच्या अंगणातील पांढरी सिल्की यांचे हे नाते कोणत्याही पिसाऱ्यावरून ओळखता आले नसते.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. सह्याद्रीच्या रानांत, कोकण-गोव्यापासून बेळगावच्या घाटापर्यंत, राखी रानकोंबडा आढळतो; त्याच्या मानेवरील पिसांना मेणचट चमकदार ठिपके असतात. पाळीव कोंबड्यांच्या पूर्वजांत डार्विनने त्याला स्थान दिले नाही. तांबडा रानकोंबडा हाच एक मूळ पुरुष, असे त्याचे मत होते. ते मत बहुतांशी बरोबर ठरले आहे. पण २००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचा व पिवळ्या पायांचा घटक तपासला तेव्हा तो तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून राखी रानकोंबड्याच्या कुळातला निघाला. हा घटक अप्रभावी आहे. दोन्ही बाजूंनी आल्याशिवाय तो दिसत नाही. पांढऱ्या लेगहॉर्नचे पाय पिवळे असतात. म्हणजे ज्या पक्ष्यांवर बेटसनने शुद्ध वंशाचे नियम शोधले, त्यांच्याच अंगात दक्षिण हिंदुस्थानच्या रानातील एका नात्याची खूण होती आणि ती सर्वांना रोज दिसत असूनही कोणाला वाचता आली नव्हती.

मग ‘खाण तशी माती’ ही म्हण खोटी म्हणावयाची काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. खाण जमिनीच्या पोटात असते, हेच आपण विसरलो होतो. वरच्या थराचा रंग पाहून आपण खाणीची परीक्षा केली, आणि आतून निराळी माती निघाली तेव्हा शेजाऱ्याला, विकणाऱ्याला किंवा त्या पिल्लालाच दोषी ठरवले. आम्हा शिक्षकांना ही चूक फार सुलभ असते. वर्गात नवा मुलगा आला की, त्याचे आडनाव, गाव व वडिलांचा धंदा ऐकून त्याच्या बुद्धीचा रंग आम्ही मनात ठरवून टाकतो, आणि पुढे तो निराळा निघाला म्हणजे आश्चर्य करतो. माणसाची बुद्धी ही कोंबडीच्या पिसाइतकी साधी वस्तू नव्हे; तिच्यात घराचा, भाषेचा आणि संधीचा वाटा किती, याचा हिशेब ९ : ७ च्या भाषेत मांडता येणार नाही. परंतु ज्या पिसाचा हिशेब मांडता येतो, तेथेसुद्धा बाह्य रंगावरून कूळ सांगता येत नाही, एवढे तर ग्रँटचेस्टरच्या खुराड्यांनी दाखवून दिले आहे. यानंतर पांढऱ्या कोंबडीखाली काळे पिल्लू दिसले, तर त्याला उकिरड्यावर टाकण्यापूर्वी त्याची नोंद करावी, आणि शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी कोंबडी तीन आठवडे एकटी ठेवून पाहावी.